ताप उतरल्यानंतरचे नव्वद दिवस: रक्त गोठण्याकडे लक्ष कसं ठेवायचं

पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत नाशकात सिडकोत जा, सातपूरला जा, पंचवटीत जा की नाशिकरोडला, आजारी माणसाच्या घरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पेशी किती आल्या?" पेशी म्हणजे प्लेटलेट, रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी. त्या दीड लाखावर गेल्या की सगळे सुटल्यासारखे होतात आणि फाइल कपाटात जाते. पण पेशींचा आकडा ही अर्धीच गोष्ट आहे. विषाणूच्या आजारानंतर रक्त दोन बाजूंना कलू शकतं. काही दिवस ते वाहण्याकडे झुकतं, काही आठवडे गोठण्याकडे. डेंग्यूत पहिली भीती मोठी, कोविड आणि फ्लूमध्ये दुसरी. म्हणून आपल्याला कोणता आजार झाला होता आणि आज त्याचा कितवा दिवस आहे, ही दोन उत्तरं तयार ठेवा. पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

एक कागद घ्या आणि त्यावर ताप पहिल्यांदा आला ती तारीख लिहा. तो पहिला दिवस. दवाखान्यात गेलात तो दिवस नव्हे, रिपोर्ट आला तोही नव्हे. हा हिशेब चुकला की सातव्या दिवसाच्या पेशी चौथ्या दिवसाच्या समजल्या जातात आणि घरचे नको तेव्हा निर्धास्त होतात. दुसरी तारीख लिहा ताप पूर्ण उतरल्याची, म्हणजे पॅरासिटामॉल न घेता सलग २४ तास ताप नव्हता तो दिवस.

रक्तात नेमकं काय बदलतं

रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. ते धड असेपर्यंत रक्त त्याला चिकटत नाही. विषाणूमुळे आणि त्याच्याशी लढताना उसळणाऱ्या दाहामुळे हे अस्तर दुखावतं. त्यातून व्हॉन विलेब्रांड फॅक्टर हा चिकट पदार्थ जास्त सुटतो, यकृत फायब्रिनोजेन वाढवतं, आठव्या क्रमांकाचा गोठणघटकही वर जातो. त्यात माणूस आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळलेला, पाणी कमी प्यायलेला. अस्तर दुखावलेलं, रक्त गोठायला टपलेलं आणि प्रवाह मंदावलेला, असा तिहेरी मेळ जुळला की गुठळी होते, ही मांडणी जर्मन वैद्य रुडॉल्फ विरशो यांच्या १८५६ सालच्या लेखनापासून चालत आली आहे आणि आजही तीच वापरली जाते.

डेंग्यूत याच्या जोडीला दुसरं काही घडतं. अस्थिमज्जा पेशी कमी बनवते, बनलेल्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीकडून मारल्या जातात आणि अस्तरातून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. प्लेटलेटचं आयुष्य साधारण ७ ते १० दिवसांचं असतं. त्यामुळे घसरण झाली तरी मज्जा सावरली की आठवडाभरात आकडा आपोआप चढतो. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध यांना मिळणारं श्रेय बहुतेक वेळा या कॅलेंडरचं असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी रस सुरू होतो, आठव्या दिवशी पेशी वाढतात. रस दिला नसता तरी वाढल्याच असत्या. किवी खाल्ल्याने नुकसान काही नाही. पण मळमळणाऱ्या माणसाला कडू रस पाजून उलट्या वाढवू नका. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होतं आणि डेंग्यूत तेच महागात पडतं.

डेंग्यू असेल तर: ताप उतरल्यावरचे दोन दिवस

डेंग्यूचा धोक्याचा काळ तापात नसतो, ताप उतरल्यावर असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो आणि त्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत पाण्याची झिरप सर्वांत जास्त होते. घरात नेमकं याच वेळी "उतरला बाई एकदाचा" म्हणून माणसं कामाला लागतात. या दोन दिवसांत रोज सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची साधी तपासणी, करा आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेटच्या आधी हेमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के) असं लिहिलेली ओळ पाहा. हा आकडा मूळच्यापेक्षा २० टक्के वर गेला, उदाहरणार्थ ३८ चा ४६ झाला, तर रक्तातलं पाणी बाहेर गेलंय. पेशी ६० हजार आणि पीसीव्ही स्थिर असलेल्या माणसापेक्षा पेशी ९० हजार आणि पीसीव्ही चढता असलेला माणूस जास्त काळजीचा.

पेशींच्या आकड्याचं एकक नीट वाचा. काही लॅब १,५०,००० लिहितात, काही १.५ लाख, तर काही नुसतं १५०, कारण शेजारी हजाराचं एकक छापलेलं असतं. "पेशी फक्त ४५!" म्हणून रात्री घाबरलेल्या घरात तो आकडा ४५ हजार असतो. नॉर्मल म्हणजे दीड ते साडेचार लाख. २० हजारांच्या वर असताना आपोआप मोठा रक्तस्राव सहसा होत नाही. रक्तस्राव नसेल तर पेशींची पिशवी चढवण्याचा विचार साधारणपणे १० हजारांच्या खाली गेल्यावर होतो. रक्तस्राव होत असेल तर डॉक्टर आकड्यासाठी थांबत नाहीत. घरच्यांनी आग्रह धरून ४० हजारांवर पिशवी चढवून घेण्याने फायदा होत नाही. चढवलेल्या पेशीही त्याच प्रतिकारशक्तीच्या तावडीत सापडतात, वर पुरळ, थंडी वाजणं, फुप्फुसात पाणी होणं ही जोखीम.

अंगावर काय पाहायचं तेही सांगतो. नडगीवर आणि घोट्याजवळ टाचणीच्या डोक्याएवढे लाल-जांभळे ठिपके आलेत का ते दिवसाच्या उजेडात पाहा. काचेचा ग्लास त्यावर दाबा. साधं पुरळ दाबल्यावर फिकं होतं, त्वचेखालचं रक्त फिकं होत नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का, नाकाचा घोळणा फुटतो का, शौच डांबरासारखं काळं होतं का, तेही पाहा. मात्र लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच तसंही काळं होतं, हे डॉक्टरांना सांगा.

पाळीचं वेगळं सांगायला हवं, कारण घरात ते बोललं जात नाही. तापात किंवा लगेच नंतर आलेली पाळी नेहमीपेक्षा जास्त जाऊ शकते. सलग दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल तर तो दवाखान्याचा विषय आहे. गौरी-गणपती किंवा नवरात्रासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून सहज आणल्या जातात आणि हा काळ नेमका तापाच्या साथीचा. त्या गोळ्यांतल्या नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेन रक्त गोठण्याकडे झुकवतं. ताप येऊन महिना झाला नसेल, आधी कधी गुठळी झाली असेल किंवा घरात रक्ताच्या नात्यात कुणाला झाली असेल, तर या गोळ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गर्भनिरोधक गोळ्यांनाही तेच लागू.

पेशी चढायला लागल्या, सलग दोन रिपोर्टमध्ये वाढ दिसली, खाणंपिणं सुरू झालं, की रोजची तपासणी थांबवा. मग साधारण आठवड्याने एक शेवटचा सीबीसी पुरे. कधी पेशी उसळी मारून साडेचार लाखांच्याही वर जातात. ही मज्जेची भरपाई असते आणि काही आठवड्यांत खाली येते.

लहान मुलांचं एक वेगळं प्रकरण आहे. साधं सर्दी-पडसं, गोवर किंवा कांजिण्या होऊन गेल्यावर एक ते चार आठवड्यांनी खेळतं-बागडतं मूल अचानक अंगभर निळे-जांभळे डाग आणि ठिपके घेऊन उठतं. ताप नाही, भूक उत्तम, पण पेशी १५-२० हजार. याला आयटीपी म्हणतात. प्रतिकारशक्ती विषाणू सोडून पेशींनाच शत्रू समजते. बहुतेक मुलं सहा महिन्यांच्या आत आपोआप बरी होतात आणि कित्येकांना औषधही लागत नाही. पण तोपर्यंत सायकल, कबड्डी, झाडावर चढणं बंद, डोक्याला मार लागला तर मूल बरं दिसत असलं तरी थेट रुग्णालय, आणि आयब्युप्रोफेन नाही.

कोविड किंवा फ्लू असेल तर: गुठळीचा काळ किती

स्वीडनमध्ये १ फेब्रुवारी २०२० ते २५ मे २०२१ या काळात कोविड झालेल्या दहा लाखांहून अधिक लोकांची नोंद तपासली गेली आणि निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पायाच्या खोल शिरेतल्या गुठळीचा वाढीव धोका तीन महिन्यांपर्यंत टिकला, फुप्फुसात जाणाऱ्या गुठळीचा सहा महिन्यांपर्यंत आणि रक्तस्रावाचा दोन महिन्यांपर्यंत. प्रत्यक्ष आकडे छोटे आहेत हेही लक्षात ठेवा. पहिल्या तीस दिवसांत फुप्फुसातली गुठळी १०,००० पैकी १७ जणांना झाली, पायातली चौघांना. म्हणजे सगळ्यांनी घाबरायचं कारण नाही आणि सगळ्यांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायचंही नाही. ज्यांना ऑक्सिजन किंवा आयसीयू लागलं, ज्यांचं वजन खूप आहे, वय साठीपुढे, कर्करोग, नुकतीच शस्त्रक्रिया, सहा आठवड्यांतलं बाळंतपण, आधी झालेली गुठळी, अशांनी सुटी मिळतानाच विचारावं: "मला घरी गेल्यावर इंजेक्शन किंवा गोळी लागणार आहे का, आणि किती दिवस?" उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

फ्लूचा धोका बहुतेकांना माहीत नसतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या २०१८ च्या अभ्यासात फ्लूची खात्री झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण सुमारे सहापट आढळलं. त्यामुळे मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला फ्लूच्या आठवड्यात छाती भरून आली, तर जेलुसिल पाजून सकाळची वाट पाहू नका. ईसीजी काढा.

पायाचं माप: रोज दोन मिनिटं

घरी करण्यासारखी सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे शिंप्याचा टेप. ताप उतरल्यावर पहिला महिनाभर, आणि रुग्णालयात राहून आलात तर तीन महिने, हे करा.

सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी करायचं, कारण दिवसभर उभं राहिल्यावर दोन्ही पाय थोडे सुजतात आणि माप फसतं. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाताला एक टणक उंचवटा लागतो. तिथून १० सेंटिमीटर खाली मोजून पेनाने खूण करा. दोन्ही पायांवर. खुणेच्या पातळीवर टेप सपाट फिरवा, त्वचेला टेकेल इतकाच, रुतेल इतका नाही. दोन्ही आकडे कागदावर लिहा. खूण आंघोळीत पुसली जाते, म्हणून ती रोज गडद करा. खूण दोन सेंटिमीटर सरकली तरी पोटरीचं माप बदलतं आणि उगाच घबराट होते.

दोन पायांत एखाद सेंटिमीटरचा फरक मुळातच असू शकतो. पहिल्या दिवसाचा फरक हा तुमचा पाया. डॉक्टर ज्या गुणपद्धतीने गुठळीची शक्यता मोजतात तिच्यात ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरकाला गुण आहे. पण आज १, परवा १.८ असं चढतं माप आणि सोबत दुखणं असेल तर तीनची वाट पाहू नका. अंगठ्याने नडगीवर दहा सेकंद दाबा, एकाच पायात खड्डा राहतो का पाहा. हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पोटऱ्यांची उष्णता तपासा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, ऊब मात्र कळते.

पोटरीत गोळा येणं आणि गुठळी यांत लोक हमखास गोंधळतात. गोळा अचानक येतो, रात्री येतो, स्नायू दगडासारखा होतो आणि चार-पाच मिनिटांत सुटतो. गुठळीचं दुखणं खोल आणि सतत असतं, चालताना वाढतं आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं. चिकुनगुनियाने गोंधळ आणखी वाढतो, कारण घोटे त्यातही सुजतात. तिथे सहसा दोन्ही बाजूंचे सांधे, सकाळचा ताठरपणा, मनगटं आणि बोटंही सोबत दुखतात. एकाच पायाची पोटरी सुजून सांधा मोकळा असेल तर चिकुनगुनियावर ढकलू नका.

आणि मालिश करू नका. तापानंतर अंग मोडून आलंय म्हणून तीळतेलाने पाय रगडून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. दोन्ही पायांना हलका हात फिरवायला हरकत नाही, पण एकच पोटरी दुखत असेल तर रगडणं, पाय देणं, गरम विटेने शेकणं सगळं बंद. गुठळी असली तर तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. पंजा वर ताणून पोटरी दुखते का हे पाहण्याची जुनी युक्तीही सोडून द्या, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

शंका आली की पायाचा कलर डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करायचा. उपाशी पोटाची गरज नाही, घट्ट पँट घालून जाऊ नका. तपासणारा शीर दाबून पाहतो. मोकळी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. पहिला डॉपलर स्वच्छ आला आणि पाय तरी दुखत-सुजत राहिला, तर साधारण आठवड्याने पुन्हा करा. पोटरीतली छोटी गुठळी पहिल्यांदा निसटते आणि तेवढ्यात वर सरकलेली असते.

रक्ताच्या तपासण्या: कुठे फसगत होते

गोठण्याच्या तपासण्यांइतक्या नमुना घेण्याच्या चुकीने बिघडणाऱ्या तपासण्या थोड्याच. पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते) आणि डी-डायमर यांसाठी फिक्या निळ्या झाकणाची नळी लागते. तिच्यात नळीतलं रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं आणि एका भागाला नऊ भाग रक्त हे प्रमाण ठरलेलं आहे. ३ मिलीच्या नळीत ०.३ मिली द्रव आधीच असतो, म्हणजे रक्त २.७ मिली, रेघेपर्यंत. शीर सापडली नाही म्हणून अर्धीच भरली, तर सायट्रेट जास्त पडून एपीटीटी खोटा लांबतो आणि चांगल्या माणसाला "रक्त गोठत नाही" असा शेरा मिळतो. निळी नळी जांभळ्या झाकणाच्या आधी भरायची, कारण जांभळीतलं ईडीटीए हे रसायन थोडंसंही मिसळलं तरी निकाल बिघडतो. रेघेपर्यंत भरली का, हे तुम्ही उभ्या उभ्या पाहू शकता. विचारायला लाजू नका.

वेळेचंही तसंच. एपीटीटीचा नमुना चार तासांच्या आत तपासायला हवा. सुरगाणा, पेठ किंवा कळवणच्या संकलन केंद्रात दिलेली नळी बसने नाशकात पोचून मशीनवर लागेपर्यंत हा वेळ सहज उलटतो. सीबीसीचं तिथे चालून जातं. गोठण्याच्या तपासणीसाठी शक्यतो स्वतः नाशकात येऊन, जिथे मशीन आहे त्याच लॅबमध्ये रक्त द्या.

पेशी अचानक खूप कमी आल्या आणि माणूस ठणठणीत, अंगावर एक ठिपका नाही, तर रिपोर्टवर "क्लम्प्स" असा शब्द शोधा. काही लोकांच्या पेशी ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात आणि मशीन गठ्ठ्याला एक पेशी धरतं. लॅबला स्लाइडवर पाहायला सांगा किंवा निळ्या नळीत पुन्हा मोजा. निळ्या नळीतल्या द्रवामुळे आकडा थोडा कमी येतो, म्हणून तो १.१ ने गुणायचा.

आता डी-डायमर. हा बनलेली गुठळी विरघळताना सुटणारा तुकडा. रिपोर्टवर एकक दोन प्रकारचं असतं, एफईयू आणि डीडीयू. एफईयूमध्ये साधारण ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलीपर्यंत नॉर्मल, डीडीयूमध्ये त्याच्या सुमारे निम्मं, २५०. एका लॅबचे ४०० डीडीयू आणि दुसरीचे ७०० एफईयू यांची तुलना करून "वाढला" म्हणणं चूक आहे. ४०० डीडीयू म्हणजे जवळजवळ ८०० एफईयू, उलट कमी झालाय. काही लॅब ०.५ असंही लिहितात, तिथे एकक मायक्रोग्रॅम असतं. पन्नाशीनंतर एफईयूची मर्यादा वयाला दहाने गुणून काढतात: ६८ वर्षांच्या माणसाला ६८० पर्यंत चालतं. गरोदरपणात तो तसाही वाढलेला असतो.

पायात-छातीत काही नसताना डी-डायमर वारंवार करणं हा पैशाचा आणि झोपेचा नाश आहे. डब्लिनमधल्या एका अभ्यासात कोविडनंतर चार महिन्यांपर्यंत चारांतल्या एकाचा डी-डायमर वाढलेला सापडला होता, त्यातल्या कित्येकांना रुग्णालयात दाखलही व्हावं लागलं नव्हतं. वाढलेला डी-डायमर म्हणजे गुठळी नव्हे. त्याचा खरा उपयोग उलटा आहे: लक्षणं किरकोळ असताना तो नॉर्मल आला, तर गुठळी नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. पाय स्पष्ट सुजलाय तर डी-डायमरच्या नादी न लागता सरळ डॉपलर.

गोळ्या

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, यकृताला त्रास असेल तर त्याहूनही कमी, डॉक्टरांना विचारून. डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत आणि पेशी पूर्ववत होईपर्यंत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन नको. ही औषधं पेशींचं चिकटणं बिघडवतात. म्हणजे आधीच थोड्या उरलेल्या पेशीही निकामी. चिकुनगुनिया समजून दुखण्याचं इंजेक्शन घेतलं आणि सोबत डेंग्यूही निघाला, ही गफलत साथीत सहज होते. पेशी कमी असताना कमरेतलं इंजेक्शनही टाळा, स्नायूत रक्त साकळतं. मात्र स्टेंट बसवलेल्यांनी हृदयाची अॅस्पिरिन स्वतःहून थांबवायची नाही. पेशींचा आकडा घेऊन त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

गुठळी सापडली तर रक्त गोठू न देणारं औषध साधारण किमान तीन महिने चालतं. ते असलेली गुठळी विरघळवत नाही, तिला वाढू देत नाही. विरघळवण्याचं काम शरीर करतं. म्हणून "पाय उतरला" म्हणून तिसऱ्या आठवड्यात बंद केलं की गुठळी पुन्हा होते. यातल्या रिव्हरॉक्सॅबॅन या औषधाची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. नवरात्राचे उपवास निर्जळी करणार असाल तर हे आधी बोला. भगर-आमटी पोटभर खाऊन घेतली तरी चालतं, पण चहावर गोळी नको. दिवसातून एकदाची गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

अॅसिट्रॉम किंवा वॉरफॅरिन ही गोठणविरोधी औषधं चालू असतील तर आयएनआर (रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. मेथी, पालक, कोथिंबीर बंद करायची गरज नाही, पण प्रमाण सारखं ठेवा. हिवाळ्यात नाशकात मेथीची जुडी स्वस्त झाली म्हणून रोज मेथी, मग महिनाभर काहीच नाही, अशाने आयएनआर खाली-वर होतो. मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल आणि बरीच प्रतिजैविकं तो वाढवतात. नवं औषध सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत आयएनआर पुन्हा करा. लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या गोळ्या, "नैसर्गिक रक्त पातळ करणारे" अर्क यांची भर त्यात घालू नका. आमटीतला लसूण आणि भाजीतली हळद खुशाल खा.

काम, प्रवास, पाणी

झोपून असतानाही जागेपणी दर तासाला दोन्ही पंजे वर-खाली वीस-तीस वेळा हलवा. पोटरी हाच पायातल्या रक्ताचा पंप आहे. ताप गेला की दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात चालणं, मग रोज थोडं वाढवणं. दोन-अडीच लिटर पाणी, पेज, ताक, लिंबू-सरबत धरून. लघवी फिकी पिवळी राहिली पाहिजे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकड्यावर येतो तेव्हा तहान लागत नाही, आणि फ्लू नेमका तेव्हाच असतो. तांब्या भरून समोर ठेवा.

चार तासांच्या वर एका जागी बसून प्रवास झाला की गुठळीचा धोका वाढतो. नाशिक-पुणे त्यात सहज बसतं, कसारा घाटात अडकलात तर मुंबईही. आजारानंतरच्या पहिल्या महिन्यात रेल्वेने जा म्हणजे डब्यात फिरता येतं. गाडीने गेलात तर दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. अंबड-सातपूरला यंत्रासमोर आठ तास उभं राहणाऱ्यांनी टाचा उचलून खाली ठेवणं हा व्यायाम उभ्या उभ्या करावा.

बागायतदारांसाठी एक खास. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आणि डेंग्यूची साथ एकाच वेळी येते. पेशी ५० हजारांच्या खाली असताना हातात कात्री घेऊ नका, औषधाच्या पंपाचं ओझं पाठीवर घेऊ नका. लाखावर पेशी, दोन रिपोर्ट चढते, अंगात त्राण, एवढं झाल्यावर सुरू करा, तेही हातमोजे घालून. दात काढायचा असेल तरी ५० हजारांची हीच मर्यादा धरा.

रात्र असली तरी निघायचं केव्हा

अचानक दम लागणं, खोल श्वास घेताना छातीत सुई टोचल्यासारखं होणं, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी नाडी शंभराच्या वर: ही फुप्फुसातल्या गुठळीची चिन्हं. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आलं तर आणखी बोलायला नको. तोंड वाकडं होणं, हाताची शक्ती जाणं, जीभ जड होणं म्हणजे मेंदूचा झटका. शेवटचं नीट कधी दिसलं ती वेळ घड्याळात पाहून लिहा, उपचार त्यावर ठरतो. डेंग्यूत पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हातपाय गार, सहा तास लघवी नाही, झोपेत असल्यासारखी सुस्ती. यातलं काहीही दिसलं तर १०८ लावा. रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाला चालवत जिना उतरवू नका. तारखांचा कागद, शेवटचे दोन सीबीसी आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्या.

गुठळी होऊन गेली, वय कमी, कारण सापडत नाही, अशा वेळी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिद्रव्यांची, म्हणजे रक्त गोठण्याकडे ढकलणाऱ्या प्रतिद्रव्यांची, तपासणी सांगतात. विषाणूच्या आजारानंतर ही प्रतिद्रव्यं तात्पुरती येतात आणि जातातही. म्हणून पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी आयुष्यभराचा शिक्का मारून घेऊ नका. निदान १२ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायची. नमुना देताना कोणतं गोठणविरोधी औषध चालू आहे आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे लॅबच्या फॉर्मवर लिहायला लावा. रिव्हरॉक्सॅबॅन अंगात असताना याच तपासणीतला ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाचा भाग खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो.